तोडणीआधीचे माप



बेळगावच्या बाजारातून भाजी भरून निघालेली वाहने रात्री चोर्ला घाट उतरतात आणि उजाडता उजाडता गोव्याच्या बाजारांत माल टाकतात. सकाळी दहाच्या सुमारास ती भेंडी, तो कोबी, ती हिरवी मिरची पणजी-मडगावच्या स्वयंपाकघरांत चिरली जात असते. आता अशी कल्पना करा की, एखाद्या दक्ष निरीक्षकाने त्याच पाट्यांमधून किलोभर भेंडी नमुन्यासाठी उचलली, ती रीतसर मोहोरबंद केली आणि प्रयोगशाळेकडे धाडली. तेथे ती कुटली जाईल, द्रावकात कालवली जाईल, यंत्रात घातली जाईल आणि काही दिवसांनी अहवाल येईल की, भेंडीवर कीटकनाशकाचा अंश मर्यादेहून अधिक होता. होता, हे क्रियापदच सर्व काही सांगून जाते. भेंडी केव्हाच पोटात गेलेली असते.

धान्याचे तसे नाही. गहू, ज्वारी कोठारात महिनोन्महिने पडून राहतात. अहवाल येईपर्यंत त्यांना थांबवून ठेवता येते. भाजीला थांबणे ठाऊक नाही. म्हणून तिच्यावरील विषाचा अंश मोजावयाचा तर तो ती वेलीवर, झाडावर असतानाच मोजला पाहिजे. ही गोष्ट इतकी उघड आहे की, ती माणसाला पहिल्याच दिवशी कशी सुचली नाही याचे नवल वाटावे. परंतु ती सुचण्यास आणि तिच्यासाठी लागणारी साधने हाती येण्यास शंभर वर्षांहून अधिक काळ लागला. तो इतिहास आज थोडक्यात सांगावयाचा आहे.

त्याचा आरंभ मळ्यात होत नाही; खुनाच्या खटल्यात होतो. इ. स. १८३३ साली इंग्लंडात जॉन बॉडल नावाच्या तरुणावर आपल्या आजोबांना कॉफीतून सोमल घातल्याचा आरोप होता. जेम्स मार्श या रसायनज्ञाने तपासणी करून सोमलाचा पिवळा साका वेगळा काढला. पण खटला उभा राहीपर्यंत तो साका बिघडून गेला होता. पंचांची खात्री पटली नाही आणि आरोपी सुटला. मार्शला ही गोष्ट फार लागली. पुढे खपून त्याने १८३६ साली नवी पद्धत प्रसिद्ध केली. संशयित पदार्थात जस्त आणि आम्ल घालावयाचे, निघणारा वायू पेटवावयाचा आणि ज्योतीवर थंड काच धरावयाची. सोमल असल्यास काचेवर काळसर, चकचकीत आरसा उमटतो. हा आरसा न्यायालयात नेईपर्यंत टिकत असे. पुढे १८७९ साली गुट्झाइट याने काचेऐवजी कागद वापरून ही रीत सोपी केली आणि तिच्यात कालांतराने अशी सुधारणा झाली की, कागदी पट्टीवरील डागाची लांबी पाहून सोमलाचे प्रमाण सांगता येऊ लागले. पुरावा पाहणाऱ्यापर्यंत पोहोचण्याआधीच नाहीसा होणे, ही मार्शची अडचण आपल्या भेंडीच्या अडचणीची थोरली बहीणच म्हणावयाची.

इकडे शेतीत सोमलाने प्रवेश केलाच होता. अमेरिकेत बटाट्यावर पडणाऱ्या कोलोराडो भुंगेऱ्याने उच्छाद मांडला, तेव्हा १८६७ च्या सुमारास ‘पॅरिस ग्रीन’ हे तांबे आणि सोमल यांचे हिरवे रंगद्रव्य त्यावर मारण्यास शेतकऱ्यांनी सुरुवात केली. भिंती रंगविण्याची वस्तू पिकावर आली ती अशी. १८९२ साली मॅसॅच्युसेट्समध्ये शिसे आणि सोमल यांचे संयुग, लेड आर्सेनेट, तयार झाले. ते पानाला घट्ट चिकटून राही आणि पान जाळीत नसे, म्हणून फळबागांपासून कोबीच्या मळ्यांपर्यंत पसरले. घट्ट चिकटते हाच त्याचा गुण आणि हाच त्याचा दोष. कोबीच्या बाबतीत जाणते लोक सांगत की, गड्डा आतून वाढतो, वरची पाने काढून टाकली की झाले. गड्डा बांधू लागल्यावर मात्र औषध मारू नये. काढणीपूर्वी अमुक वेळी हात आखडता घ्यावा, हा विचार या सल्ल्यात बीजरूपाने आहे. पण त्यामागे मोजमाप नव्हते, केवळ अदमास होता.

मोजमापाची मर्यादा आली ती भलत्याच वाटेने. १९०० साली मँचेस्टर आणि आसपासच्या प्रदेशात सहा हजारांवर माणसे आजारी पडली आणि सुमारे सत्तर दगावली. कारण निघाले बिअर. ती करताना वापरलेल्या साखरेसाठी जे गंधकाम्ल घेतले होते, त्यात सोमल होता. चौकशीसाठी नेमलेल्या राजकीय आयोगाचे अध्यक्ष होते प्रख्यात शास्त्रज्ञ लॉर्ड केल्व्हिन. १९०३ च्या अहवालात आयोगाने सुचविले की, अन्नाच्या एका पौंडात सोमल एका ग्रेनच्या शंभराव्या भागापेक्षा अधिक नसावा. आजच्या परिमाणात ते किलोला सुमारे १.४ मिलिग्रॅम होते. बिअरच्या निमित्ताने ठरलेला हा आकडा बावीस-तेवीस वर्षांनी सफरचंदांच्या मानेवर बसला. १९२५ साली लंडनमध्ये अमेरिकन सफरचंदे खाऊन माणसे आजारी पडल्याचे प्रकरण निघाले आणि ब्रिटनने आयात बंद करण्याची धमकी दिली. अमेरिकन बागाईतदारांनी पुष्कळ आरडाओरड केली. पण शेवटी बाजार जाऊ द्यावयाचा नसेल तर मोजणे भाग होते. वॉशिंग्टन राज्यात सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने सफरचंदे धुण्याची यंत्रे उभी राहिली आणि अमेरिकन सरकारने आपली मर्यादा टप्प्याटप्प्याने ब्रिटिश मर्यादेपर्यंत खाली आणली. आपल्या गिऱ्हाइकापेक्षा परक्या गिऱ्हाइकाची भीती अधिक, हा अनुभव पुढे आपल्या देशातही यावयाचा होता.

या काळापर्यंतचे विष फळाच्या सालीवर बसत असे. ते धुता येई, पुसता येई, वरचे पान काढून टाकता येई. दुसऱ्या महायुद्धाने हे चित्र पालटले. डीडीटी हे द्रव्य रसायनशाळेत १८७४ सालीच तयार झाले होते. त्याचा कीटकनाशक गुण पॉल म्युलर यांनी १९३९ साली ओळखला आणि १९४८ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. डीडीटी पाण्यात विरघळत नाही, पण मेणात आणि चरबीत मुरते. सालीवरच्या मेणचट थरात ते एकदा शिरले की, पाण्याने धुण्यास फारसा अर्थ राहत नाही. बरे, मार्शचा आरसा येथे कुचकामी; कारण डीडीटीत सोमल नाही, शिसे नाही, कसलाच धातू नाही. मग हे मोजावयाचे कसे?

त्या वेळच्या रसायनज्ञांनी रंगाचा आश्रय घेतला. १९४५ साली शेक्टर, हॅलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी रीत बसविली की, भाजीतून काढलेल्या अर्कावर प्रथम नत्राम्लाची क्रिया करावयाची आणि मग सोडियम मेथिलेट घालावयाचे; डीडीटी असल्यास निळा रंग येतो आणि निळाई जितकी गडद तितके डीडीटी अधिक. पॅराथिऑन या दुसऱ्या, त्याहून कितीतरी जहाल द्रव्यासाठी ॲव्हरेल आणि नॉरिस यांनी १९४८ साली जांभळट तांबड्या रंगाची रीत दिली. पण भाजी म्हणजे काही शुद्ध पाणी नव्हे. पालकातला हिरवा रंग, गाजरातला केशरी, टोमॅटोतला तांबडा, ही सारी मंडळी त्या निळाई-तांबडाईत लुडबुड करीत. भाजीतील रंग आणि मेण आधी काढून टाकणे, हेच मोजण्यापेक्षा मोठे काम होऊन बसले.

तेव्हा काहींनी एक गमतीदार युक्ती योजली. विषाची परीक्षा विष ज्याच्यासाठी आहे त्यालाच करू द्यावी! भाजीचा अर्क काचपात्रात वाळवावयाचा आणि त्यात ठराविक वयाच्या, ठराविक आहारावर वाढविलेल्या घरमाश्या सोडावयाच्या. ठराविक वेळाने किती मेल्या ते मोजावयाचे आणि ज्ञात मात्रेने मेलेल्या माश्यांशी ताडून पाहावयाचे. डासांच्या अळ्या, फळमाश्या, पाण्यातील सूक्ष्म पिसवे, सर्वांकडून ही सेवा घेतली गेली. माशीला रसायनाचे नाव सांगता येत नाही, हा तिचा दोष. मात्र तेथे विष आहे, हे ती निश्चित सांगते. प्रयोगशाळेत माश्या पाळण्याची अशी वेळ आलेली पाहून आपल्याकडच्या एखाद्या हलवायाने कपाळावर हात मारला असता.

मापन हाती आल्यावर खरा प्रश्न पुढे आला. विष किती आहे, हे कळले. पण ते किती दिवसांनी किती राहील? कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड येथील संशोधनकेंद्रात फ्रान्सिस गुंथर आणि रॉजर ब्लिन यांनी या प्रश्नाचा पाठपुरावा केला. फवारणी झाल्यावर त्याच दिवशी, मग एक, तीन, सात, चौदा दिवसांनी, असे मळ्यातून नमुने आणून तपासले की, अंश उतरत जाण्याची एक रेषा कागदावर मिळते. ही उतरण्याची चाल बहुधा चक्रवाढ व्याजाच्या उलट असते. समजा, फवारणीच्या दिवशी किलोमागे चार मिलिग्रॅम अंश आहे आणि तीन दिवसांत तो निम्मा होतो. तर तिसऱ्या दिवशी दोन, सहाव्या दिवशी एक, नवव्या दिवशी अर्धा. कायद्याची मर्यादा एक मिलिग्रॅम असेल, तर सहा दिवसांच्या आत तोडणी करू नये, हे उत्तर आपोआप निघते. यालाच प्रतीक्षाकाल म्हणतात.

हे ऐकावयास सोपे आहे, मळ्यात तितके सोपे नाही. ऊन काही द्रव्ये फोडते, वारा काहींना उडवून नेतो, पाऊस धुतो आणि झाडाच्या पेशी उरलेल्यांचे रूपांतर करतात. शिवाय फळ स्वतः वाढत असते. काकडीचे वजन दोन दिवसांत दुप्पट झाले, तर विषाचा कणही नाहीसा न होता त्याचे किलोमागील प्रमाण निम्मे होते! पालेभाजीचे याच्या उलट. वजन थोडे, पृष्ठभाग मोठा. त्यामुळे मेथी-चुक्यासारख्या भाज्यांवर तेवढ्याच फवारणीचा अंश टोमॅटोपेक्षा कितीतरी अधिक बसतो. म्हणून एका पिकाचा प्रतीक्षाकाल दुसऱ्यास लावता येत नाही आणि कडक उन्हाळ्यात ठरविलेला ढगाळ दिवसांस पुरेलच असेही नाही. नमुना घेण्याचीही एक शिस्त आहे. बांधाच्या कडेची झाडे सोडावयाची, शेतभर नागमोडी फिरावयाचे, वरची, खालची, आतली, बाहेरची अशी फळे गोळा करावयाची. मालकाने हाती दिलेली पाटी म्हणजे नमुना नव्हे.

१९५४ साली अमेरिकेने कायदाच केला की, औषध विकू इच्छिणाऱ्याने पिकावर त्याचा किती अंश राहतो हे आधी दाखवावे आणि तो मोजण्याची रीतही द्यावी. ओझे प्रथमच विकणाऱ्याच्या खांद्यावर गेले. तरीही वेळेचे बंधन पाळले नाही की काय होते, हे १९५९ च्या नोव्हेंबरात दिसले. क्रॅनबेरीच्या वाफ्यांतील तण मारणारे एक द्रव्य फक्त तोडणीनंतर वापरण्यास मुभा होती. काहींनी ते आधीच वापरले आणि फळांत त्याचा अंश सापडला. सरकारने सणाच्या तोंडावर लोकांस सावध केले आणि सबंध धंदा बसला. निक्सन आणि केनेडी या दोघा उमेदवारांनी लोकांदेखत क्रॅनबेरी खाऊन-पिऊन दाखविल्याची हकीकत प्रसिद्धच आहे. राजकारणी माणसाच्या पोटावरून अन्नाची निर्दोषता ठरविण्याची पद्धत तेव्हापासून बंद पडलेली नाही.

मग साधने फार तीक्ष्ण झाली. इंग्लंडात जेम्स लव्हलॉक यांनी १९५७ साली किरणोत्सर्गी पत्र्याचा एक छोटा शोधक बनविला. क्लोरिन असलेले द्रव्य समोरून गेले की, त्यातील विद्युत्प्रवाह खाली येई. वायू-वर्णलेखन यंत्रास तो जोडल्यावर १९६१ च्या सुमारास भाज्यांतील अंशांसाठी त्याचा उपयोग होऊ लागला. अब्जांशापर्यंतची मापे आवाक्यात आली. त्याचा परिणाम असा झाला की, ‘शून्य’ हा शब्दच अडचणीचा ठरला. काल ज्या कोबीत काही नव्हते, त्याच कोबीत आज काहीतरी होते. कोबी तोच, डोळा नवा. राचेल कार्सन यांचे ‘सायलेंट स्प्रिंग’ १९६२ साली निघाले ते याच मोसमात, आणि दशक संपण्याआधी दक्षिण ध्रुवाकडील पेंग्विन पक्ष्यांतही डीडीटी सापडले. शून्य मागण्याऐवजी रोज किती अंश पोटात गेला तरी बाधत नाही, हे ठरवून त्यावरून मर्यादा आखण्याचा मार्ग जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व शेती संघटना यांच्या तज्ज्ञांनी त्याच दशकात पत्करला.

आपल्या देशाची कथा एका शोकांतिकेने सुरू होते. १९५८ साली केरळात पॅराथिऑन मिसळलेले गव्हाचे पीठ खाऊन शंभराहून अधिक माणसे मृत्यू पावली. हे विष पिकावरून आलेले नव्हते. वाहतुकीत ते पिठास लागले होते. परंतु या आघाताने न्यायमूर्ती जे. सी. शहा यांचा चौकशी आयोग नेमला गेला आणि पुढे १९६८ चा कीटकनाशके कायदा झाला, तो १९७१ पासून अमलात आला. पिकागणिक मापन करणारी अखिल भारतीय योजना भारतीय कृषी संशोधन परिषदेने १९८४-८५ मध्ये सुरू केली. राहुरी, आणंद, हैदराबाद ही तिची केंद्रे आपल्या मराठी वाचकांच्या घराजवळचीच. औषधाच्या डब्याबरोबरच्या पत्रकात शेवटची फवारणी आणि तोडणी यांमधील दिवसांचा जो आकडा असतो, तो अशा मळ्या-मळ्यांतील नमुन्यांतून आलेला आहे. तो अक्षरांच्या बारीकपणामुळे वाचला जात नाही, ही गोष्ट वेगळी. डीडीटीचा शेतीतील वापर १९८९ साली बंद झाला आणि मोनोक्रोटोफॉसला २००५ साली भाज्यांपुरती मनाई झाली.

तोडणीआधी मोजण्याची रीत मात्र दोन ठेचा लागल्यावर रूढ झाली. एक ठेच अमेरिकेची. १९८५ च्या जुलैत कॅलिफोर्नियात कलिंगडे खाऊन हजारावर लोक आजारी पडले. अल्डिकार्ब हे मुळांतून शोषले जाणारे द्रव्य त्या पिकास मुळी परवानगीचेच नव्हते. ते गरातच उतरलेले असल्याने धुण्याचा प्रश्नच नव्हता. बाजारातील सगळी कलिंगडे नष्ट करण्यात आली आणि त्यानंतर शेत तपासून प्रमाणित झाल्यावरच माल बाहेर पडू लागला. दुसरी ठेच आपली. २००३ साली नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश सापडले आणि नाशिक-सांगलीकडच्या बागाईतदारांच्या तोंडचे पाणी पळाले. तेव्हापासून निर्यातीच्या बागांची नोंदणी होते, प्रयोगशाळेचा माणूस तोडणीपूर्वी बागेत येऊन स्वतः घड घेतो आणि अहवाल अनुकूल आल्यावरच कात्री चालते. पुण्याजवळील मांजरीचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र या व्यवस्थेचे निर्णायक ठिकाण आहे. द्राक्ष हे भाजी नव्हे, हे मान्य. पण आपल्या मातीत हे काम होऊ शकते, याचा हा रोकडा पुरावा आहे. परदेशच्या ताटासाठी तो प्रथम उभा राहिला, याची खंत मला लपवता येत नाही.

गावच्या भाजीसाठी काय? येथे तैवानची आठवण येते. तेथील कृषी संशोधन संस्थेने १९८५ च्या सुमारास एक झटपट परीक्षा बसविली आणि तिच्यासाठी पुन्हा आपल्या जुन्या मैत्रिणीला, घरमाशीला, बोलावले. या वेळी जिवंत माशी नव्हे, तर तिच्या मज्जासंस्थेतील एक विकर. फॉस्फरसयुक्त आणि कार्बामेट वर्गातील विषे याच विकरास बांधून माशीला मारतात. भाजीच्या अर्काशी हे विकर मिसळून त्यात ठराविक रसायने टाकली की, विकर शाबूत असल्यास पिवळा रंग झपाट्याने चढतो. विषाने ते बांधले असल्यास रंग मंदावतो. थोड्या मिनिटांचे काम. शेतकऱ्यांच्या सहकारी संघांतून ही परीक्षा होऊ लागली आणि रंग मंदावलेल्या शेतकऱ्यास तोडणी पुढे ढकलण्यास सांगता येऊ लागले. तिला मर्यादा आहेत. पायरेथ्रॉइड वर्गातली औषधे आणि बहुतेक बुरशीनाशके हिच्या डोळ्यास दिसत नाहीत. त्यांच्यासाठी मोठी यंत्रेच हवीत. २००३ साली निघालेल्या एका सोप्या रीतीमुळे दहाच ग्रॅम वाटलेल्या भाजीतून शेकडो द्रव्यांचा एकदम शोध घेता येतो, पण त्या यंत्रांची किंमत कोटींच्या घरात जाते आणि ती तालुक्याच्या गावी नसतात.

गेल्या पावसाळ्यात कडोलीच्या बाजूला एका मळ्यावर गेलो होतो. भेंडी ऐन बहरात होती. मळ्याच्या मालकांस मी प्रतीक्षाकालाचा हा सारा हिशेब सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाले, “मास्तर, तुमचं गणित बरोबर हाय. पण भेंडीचा तोडा एक दिवसाआड. मंगळवारी औषध मारलं आणि पाच दिवस थांबलो, तर दोन तोडे गेले. शिवाय ती भेंडी झाडावर निबर झाली, ती उतरून टाकायची मजुरी वेगळी. नाही उतरली तर पुढचा बहर थांबतोय. आणि अळी काय पाच दिवस माझी वाट बघणार हाय?”

यास माझ्याजवळ तयार उत्तर नव्हते. कमी दिवसांची औषधे बहराच्या काळात आणि अधिक दिवसांची फुलोऱ्यापूर्वी, तोडा झाल्यावर लगेच त्याच संध्याकाळी फवारणी, किडके फळ वेचून पुरणे, कामगंध सापळे, निंबोळीचा अर्क, एवढे मी सांगितले. त्यांपैकी निम्मे ते करीतच होते. मग मी तैवानच्या परीक्षेविषयी बोललो. त्यांनी विचारले, “किती वेळ लागतो?” मी म्हटले, “अर्धा तास धरा.” त्यांनी हिशेब केला. संध्याकाळी चार वाजता माल रस्त्यावर न्यावा लागतो, गाडी पाचला येते. सकाळी दोन-चार भेंड्या घेऊन कोणी गावात हे करून देणारा असेल, तर तोडायचे की ठेवायचे ते दुपारच्या आत ठरवता येईल, असे त्यांचे म्हणणे पडले. “पर तो माणूस गावात पायजे,” ते म्हणाले, “आणि रंग उतरला तर त्या दिवशीचा तोडा कुणाच्या अंगावर पडणार, ते आधी ठरायला पायजे.”

बोलता बोलता त्यांच्या घरच्या बाई परडीत संध्याकाळची भेंडी घेऊन आल्या. ती विहिरीकडच्या दोन सऱ्यांमधली होती. त्या सऱ्यांवर पंप नेत नाहीत, हे त्यांनी मी न विचारताच सांगितले.